निकोलाच्या जमिनीच्या मागावर

१२३० नंतर मला ‘द ला हे’ हे आडनाव कुठे सापडेचना.

इंग्लंडमधल्या लिंकन शहरात राहायला येऊन आम्हाला तेव्हा सात वर्षं झाली होती. किल्ला घरापासून चालत वीस मिनिटांवर. निकोला द ला हे हे नाव मी तिथेच पहिल्यांदा ऐकलं. बाप रिचर्ड ११६९ मध्ये वारला, मुलगा नव्हता, तीन मुली. नॉर्मंडीकडची जमीन दोघी बहिणींच्या सासरी गेली. इंग्लंडमधली जहागीर आणि लिंकनच्या किल्ल्याची वंशपरंपरागत किल्लेदारी निकोलाकडे आली. नवऱ्यांनी ती तिच्या वतीने सांभाळली खरी, पण ११९१ मध्ये राजाच्या चॅन्सेलरने वेढा घातला तेव्हा किल्ल्यात होती ती निकोला. १२१६ मध्ये जॉन राजाने मरायच्या काही तास आधी तिला लिंकनशरची शेरीफ, म्हणजे जिल्ह्यातली राजाची मुख्य अधिकारी, नेमलं. २० मे १२१७ ला शहर फ्रेंचांच्या आणि बंडखोर सरदारांच्या ताब्यात होतं, आणि किल्ला या म्हातारीच्या.

मला तिच्या शौर्याइतकाच दुसरा एक प्रश्न खात होता. एवढं सगळं जिच्या नावावर होतं, तिच्यामागे ते कुणाच्या नावावर चढलं?

सुरुवात मी कुणीही करील तशीच केली. लिंकनशरच्या अभिलेखागारात, सेंट रम्बोल्ड स्ट्रीटवर, छापील खंड मांडून बसले आणि प्रत्येकाची मागची सूची उघडून आडनाव शोधत गेले. हे, हेय, हाया, हाइया. लेखनिक बदलला की नाव बदलतं, हे पहिल्याच दिवशी कळलं. तीन महिने शनिवारी हेच केलं. १२३० पर्यंत निकोला भेटत राहिली आणि मग एकदम शांतता. ती १२२६ मध्ये किल्ला सोडून स्वेटन गावी गेली, १२३० मध्ये तिथेच वारली, आणि तिच्याबरोबर आडनावही संपलं.

त्या रविवारी अण्णांना फोन केला. माझे वडील तलाठी होते. निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली, तरी जमिनीचं काही निघालं की आवाजात जोर येतो. मी म्हटलं, “अण्णा, बाईचा वारस सापडत नाही. कागद आहेत, पण नावच नाही.”

“माणूस कशाला शोधतेस?” अण्णा म्हणाले. “गट नंबर धर. आज कुणाच्या नावावर आहे ते बघ आणि तिथून फेरफार उलटे वाचत ये. लेकीबाळींची नावं तुला सात-बारावर नाही मिळायची, फेरफारात मिळतील.”

अण्णांच्या दप्तरातली गाव नमुना सहाची वही मी लहानपणी तासन् तास चाळलेली आहे. अमुक मयत, वारस मुलगे दोन, मुली तीन, आणि पुढच्याच नोंदीत मुलींनी हक्क सोडला. माझ्या तिन्ही आत्या त्या वहीत अशाच दोन ओळींपुरत्या आहेत. पहिल्या ओळीत येतात, दुसरीत जातात. म्हणून अण्णांचं म्हणणं मला लगेच पटलं. मी सूची मिटली आणि गावं धरली.

या जहागिरीचं मुख्य गाव ब्रॅटलबी. लिंकनच्या उत्तरेला चुनखडीची लांबलचक कड आहे, तिच्या पायथ्याशी एकापाठोपाठ एक गावं ओळीने लागतात, त्यातलंच हे एक. मी एका मोठ्या कागदावर डाव्या बाजूला गावं लिहिली, वर सालं, आणि प्रत्येक चौकटीत त्या साली त्या गावात कोण. हा कागद पुढचं दीड वर्ष जेवणाच्या टेबलावर होता. घरातल्यांनी तो कधी हलवला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

१२४२-४३ मध्ये राजाने राज्यभर चौकशी केली, कुणाकडे कुठली जमीन आहे याची. त्यात ही जमीन विल्यम लाँगेस्पे नावाच्या माणसाकडे. हे आडनाव सॅलिसबरीच्या अर्लच्या घराण्यातलं, त्याचा ‘हे’ घराण्याशी रक्ताचा काहीएक संबंध नाही. म्हणजे जमीन लग्नाने गेली. मग मधली बाई कोण?

ती सापडली तिच्या पालकत्वाच्या कागदात. निकोलाचा मुलगा रिचर्ड द कॅमव्हिल १२१७ मध्ये आईच्या आधी वारला. मागे राहिली त्याची मुलगी, इडोनिया. लहान वारसदार मुलगी म्हणजे त्या काळी विकत मिळणारी वस्तू. तिच्या जमिनीचा ताबा आणि तिचं लग्न लावून देण्याचा हक्क, दोन्ही राजाकडून घेता येत. ते घेतले सॅलिसबरीच्या अर्लने, जॉन राजाच्या सावत्र भावाने, आणि इडोनिया आपल्या मुलाला ठरवली. माझ्या कागदावरचा विल्यम लाँगेस्पे तो हाच.

इथे निकोलाचं शेवटचं भांडण मला नव्याने समजलं. राजाच्या बाजूने २० मेची ती लढाई जिंकून चार दिवस होतात न होतात, तोच जिल्हा आणि किल्ला तिच्याकडून काढून याच अर्लला दिले गेले. म्हणजे जिच्या नातीचं लग्न ज्याच्या घरी ठरलंय, तोच व्याही म्हातारीला घराबाहेर काढतोय. नातीच्या नावाने पुढे मिळणारच होतं, पण त्याला तेवढा धीर नव्हता. निकोला दरबारात गेली आणि किल्ला परत मिळवला. जिल्हा त्याच्याकडे राहिला, किल्ला तिच्याकडे, आणि अर्ल १२२६ मध्ये मरेपर्यंत तिने तो सोडला नाही. सत्तरी ओलांडलेली बाई एवढी का झगडली, हे नुसतं चरित्र वाचून मला कळलं नव्हतं. इडोनियाची चौकट भरली तेव्हा कळलं.

छापील खंडांवर मी बराच काळ समाधानी होते. पण मूळ कागद एकदा तरी हातात घ्यायचा होता, म्हणून लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात वाचकाचं कार्ड काढलं. जुने दस्त दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात बघायला मिळतात. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. हात धुऊन कोरडे करायचे, हातमोजे घालायचे नाहीत. दस्त फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर ठेवायचा.

मी मागवले होते जमिनीच्या तडजोडींचे दस्त. यांची रीत सांगण्यासारखी आहे. दोन पक्षांत कोर्टापुढे समझोता झाला की तो एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहीत. दोन प्रती वर शेजारीशेजारी, तिसरी खाली आडवी. मधल्या रिकाम्या जागेत मोठ्या अक्षरांत एक शब्द लिहायचा आणि बरोबर त्या शब्दावरूनच नागमोडी कापायचं. वरच्या दोन प्रती दोन पक्षांना, खालची राजाच्या खजिन्यात. पुढे कुणी खोटा कागद आणला तर कडा जुळवून बघायच्या. खालची प्रत जपून ठेवायची ही पद्धत जुलै ११९५ मध्ये सुरू झाली आणि पुढे शतकानुशतकं चालली.

माझ्यासमोर आलेला तुकडा तळहाताहून थोडा मोठा होता. वरची कड लाटेसारखी, आणि त्या लाटेवर कापलेल्या अक्षरांचे नुसते पाय. उरलेली अर्धी अक्षरं आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी घोड्याच्या खोगिरात घालून गावी नेली असतील. मी त्या कडेवरून डोळा फिरवत किती वेळ बसले, ते घड्याळ बघितल्यावर समजलं.

त्या दस्तांनी मला एक गोष्ट शिकवली. नवऱ्याची जमीन असेल तर बायकोचं नाव कागदात येतंच असं नाही. पण जमीन बायकोच्या माहेरची असेल, तर नवऱ्याला ती एकट्याने देता येत नाही, तिचं नाव घ्यावंच लागतं. म्हणून ‘अमुक आणि त्याची बायको तमुक’ असं जिथे दिसेल, तिथे थांबायचं. बहुतेक वेळा ती जमीन त्या बाईची असते. मी माझ्या वहीत पेन्सिलने अशा जोड्यांखाली रेघा मारत गेले, आणि कागदावर बायकांच्या चौकटी भराभर भरू लागल्या. मधल्या गावांत दिसणाऱ्या त्या जोड्यांतून मला छोट्या छोट्या घराण्यांच्या कितीतरी लेकी सापडल्या, ज्यांची मला पुढे गरज नव्हती. त्यांची नावं मी तरीही उतरवून घेतली.

यापुढचा रस्ता सोपा होता, कारण तेराव्या शतकाच्या मध्यापासून मृत्यूनंतरच्या चौकशीचे कागद मिळू लागतात. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला की त्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याला हुकूम जायचा. तो गावातले पंच गोळा करायचा आणि शपथेवर विचारायचा: कुठली जमीन होती, कुणाकडून होती, बदल्यात सेवा काय, वर्षाचं उत्पन्न किती, माणूस कुठल्या दिवशी मेला, जवळचा वारस कोण आणि त्याचं वय काय. हे वाचताना मला सारखा अण्णांचा आवाज ऐकू येत होता. वारस नोंदीच्या वेळी चावडीवर ते हेच विचारायचे, जवळजवळ याच क्रमाने. वयावर मात्र फार विसंबू नये. एकाच वारसाचं वय वेगवेगळ्या जिल्ह्यांतले पंच वेगवेगळं सांगतात. त्यांना महत्त्वाचं एवढंच, की वारस सज्ञान आहे की नाही.

इडोनियाचा नवरा १२५० मध्ये इजिप्तमध्ये मन्सुराच्या लढाईत पडला. त्यांचा मुलगा, पुन्हा विल्यमच, १२५७ मध्ये वारला. बाप, मुलगा, नातू तिघेही विल्यम लाँगेस्पे. या तिघांत माझे दोन आठवडे गेले. शेवटी प्रत्येकाच्या नावापुढे बायकोचं नाव लिहिलं तेव्हा ते वेगळे झाले. एला, इडोनिया, मॉड. मॉडची मुलगी मार्गारेट, पुन्हा एकुलती वारस. ती हेन्री द लेसी या लिंकनच्या अर्लला दिली. त्यांची मुलगी अ‍ॅलिस, जन्म १२८१. हेन्री १३११ मध्ये वारला आणि अ‍ॅलिस इंग्लंडमधल्या सगळ्यात मोठ्या वारसदार बायकांपैकी एक झाली. निकोलाची ही खापरपणतीची मुलगी. मधे चार पिढ्या, चार आडनावं, आणि ब्रॅटलबी होतं तिथंच.

इथे माझी एक मोठी चूक झाली. ती सविस्तर सांगते, कारण जमिनीवरून घराणं शोधणाऱ्या कुणाचीही होईल.

लिंकनशरच्या गावांबरोबर मी ऑक्सफर्डशरमधली दोन गावंही धरली होती, मिडलटन स्टोनी आणि बिस्टर. पहिलं कॅमव्हिलांचं, म्हणजे निकोलाच्या सासरचं, दुसरं इडोनियाची आई युस्टेशिया बॅसेट हिच्या माहेरचं. दोन्ही इडोनियामार्फत तशीच खाली उतरली आणि अ‍ॅलिसकडे आली. १३४८ मध्ये अ‍ॅलिस निपुत्रिक वारली. त्यानंतर ही गावं रॉजर लेस्ट्रेंज नावाच्या सरदाराकडे. मला आनंद झाला. वाटलं, हा अ‍ॅलिसचा कुणी दूरचा नातलग, म्हणजे निकोलाची एखादी शाखा जिवंत आहे! मी त्याचं घराणं मागे मागे नेत राहिले आणि कुठेही जोड लागेना. एखादी हरवलेली लेक असेल म्हणून तिची जागाही कागदावर ठिपक्यांनी आखून ठेवली.

अशी लेक नव्हतीच. रॉजर हा अ‍ॅलिसच्या दुसऱ्या नवऱ्याचा, एब्युलो लेस्ट्रेंजचा पुतण्या. रक्ताचा तिचा कुणीच नाही. आणि हे का झालं ते शोधताना मी अ‍ॅलिसच्या आयुष्याशी येऊन पोचले. जेमतेम बारा-तेरा वर्षांची असताना तिचं लग्न राजाचा पुतण्या लँकेस्टरचा थॉमस याच्याशी झालं. करारच असा होता, की मूल झालं नाही तर तिच्या बापाची जहागीर लँकेस्टर घराण्याकडे जावी. मूल झालं नाही. १३१७ मध्ये दुसऱ्या एका अर्लच्या माणसांनी तिला पळवून नेलं. १३२२ मध्ये थॉमसचं त्याच्याच पॉन्टेफ्रॅक्टच्या किल्ल्याबाहेर डोकं उडवलं गेलं, आणि बंडखोराची विधवा म्हणून तिला आणि तिच्या सावत्र आईला कैदेत टाकलं. सुटका झाली ती जमिनी राजाला लिहून देऊन. मग एब्युलोशी लग्न, बहुधा तिच्या मनाजोगतं हे एकच. तो १३३५ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी ह्यू द फ्रेन नावाच्या सरदाराने तिला बोलिंगब्रोकच्या किल्ल्यातून जबरदस्तीने नेलं आणि लग्न लावलं. तिचं वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास.

एका बाईला दोनदा उचलून नेण्यामागे तिची जमीन होती, हे त्या कागदांत कुठेही लिहिलेलं नाही. पण तारखांच्या पुढे मी गावांची यादी ठेवली आणि मला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. तिच्या नावाने दिली गेलेली जमीन मी तोपर्यंत ‘हस्तांतर’ अशी एका शब्दात नोंदवत होते. तो शब्द खोडला आणि प्रत्येक चौकटीत नीट लिहिलं: कैदेत असताना दिली, पुन्हा हयातीपुरती मिळाली, नवऱ्याबरोबर मिळून दिली. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हक्कसोड कुणी राजीखुशीने केलं आणि कुणी नाही, ते वहीत दिसत नाही गं. सही सारखीच.”

बोलिंगब्रोक आणि बापाकडची बाकी जहागीर ठरल्याप्रमाणे लँकेस्टर घराण्याकडे गेली. लिंकनची किल्लेदारीही पुढे त्याच घराण्यात दिसते.

खालचं टोक असं संपलं. मग वरचं बघितलं, म्हणजे निकोलाच्या आधीचं. तिच्या आजोबांना, रॉबर्ट द ला हे यांना, ब्रॅटलबी मिळालं तेसुद्धा बायकोकडून. तिचं नाव म्युरिएल, आणि ती कोल्स्वेनच्या घराण्याची वारस. हा कोल्स्वेन १०८६ च्या डोम्सडे नोंदीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या मोजदादीत आहे. नॉर्मन विजयानंतर मोठ्या जमिनी राखलेले स्थानिक लोक बोटांवर मोजण्याइतके, त्यातला हा एक. राजाने दिलेल्या पडीक जागेवर, जिथे पूर्वी कधी काही बांधलं नव्हतं, तिथे लिंकन शहराबाहेर त्याने छत्तीस घरं आणि दोन देवळं बांधली असं त्या नोंदीत आहे. मी रोज रेल्वे स्टेशनला जाते ती वाट कदाचित त्याच भागातून जात असेल.

त्याच नोंदीत कोल्स्वेनचा कोला नावाचा एक नातलग आहे, आणि नात्याचा शब्द आहे ‘नेपोस’. हा लॅटिन शब्द पुतण्याला चालतो, भाच्याला चालतो, नातवालाही चालतो. मराठीत वाढलेल्या माणसाला याचा फार त्रास होतो. आपल्या मनात आपोआप प्रश्न उभा राहतो, भावाचा की बहिणीचा? मी सवयीने ‘पुतण्या’ लिहून मोकळी झाले होते. मग ते खोडून मूळ शब्दच देवनागरीत लिहून ठेवला. तो अजून तसाच आहे.

किल्ल्याची एक गोष्ट या सगळ्या कागदांत मला सगळ्यात जवळची वाटते. निकोला वारल्यावर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी राजाने हक्कांची मोठी चौकशी केली. तेव्हा लिंकनच्या पंचांनी शपथेवर सांगितलं, की जॉन राजा लिंकनला आला तेव्हा निकोला हातात किल्ल्या घेऊन पूर्वेच्या दरवाजातून बाहेर आली. म्हणाली, मी थकले, फार सोसलं, आता हे माझ्याने व्हायचं नाही. राजा गोडीने म्हणाला, अजून थोडे दिवस तूच ठेव. पंचांना ही आठवण सांगायची गरज पडली, कारण प्रश्न हक्काचा होता. जमिनीची चौकशी झाली नसती तर म्हातारीचं ते बोलणं आपल्यापर्यंत आलं नसतं.

शेवटचं एक गाव राहिलं होतं. अ‍ॅलिसला एब्युलोशेजारी बार्लिंग्जच्या मठात पुरलं, एवढं मला आधीपासून माहीत होतं. लिंकनच्या पूर्वेला काही मैलांवर ती जागा आहे. मठ १५३७ मध्ये बंद झाला, लिंकनशरच्या उठावानंतर मठाधिपतीला फाशी दिली गेली, आणि दगड लोकांनी नेले. आता कुरणात चर्चच्या भिंतीचा एकच उंच तुकडा उभा आहे. आजूबाजूला गवताखाली जुन्या इमारतींच्या पायाचे उंचवटे दिसतात. मी गेले तेव्हा मेंढ्या त्या भिंतीच्या आडोशाला बसल्या होत्या, कारण वारा पूर्वेकडून होता.

मी तिथे उभी राहून फोनवर मठाची माहिती वाचत होते. स्थापना ११५४ च्या सुमाराला. देणगी देणारा राल्फ द ला हे. रॉबर्टचा मुलगा, रिचर्डचा भाऊ. म्हणजे निकोलाचा सख्खा चुलता. हे नाव पहिल्या तीन महिन्यांत मी सूचीत कितीदा बघितलं असेल, आणि ‘शाखा वेगळी’ म्हणून दर वेळी पुढे गेले होते.

घरी येऊन तो मोठा कागद उलगडला. राल्फची चौकट सगळ्यात वर, उजव्या कोपऱ्यात, एकटी होती. अ‍ॅलिसची सगळ्यात खाली. मधून पेन्सिलने एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर लिहिलं: बार्लिंग्ज.